खाडा

सप्टेंबरातली दुपार. बालाघाटाच्या डोंगरात, बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवरची जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. चौथी आणि पाचवी एकाच खोलीत, मधे वीतभर जागा सोडून बसवलेली. खिचडी नुकतीच झालेली, बाहेर पातेलं घासल्याचा करकर आवाज, खिडकीतून कापणीला आलेल्या बाजरीचा वास. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, 'माझे घर', आणि त्याखाली, 'दहा ओळी'. मुलांनी वह्या काढल्या, पट्टीनं समास आखले, काहींनी तर 'माझे घर मला खूप आवडते' इथपर्यंत मजलही मारली. पाचवीतली एक मुलगी मात्र पेन्सिलीचं टोक दातात धरून बसून राहिली. मग उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, कोणतं लिहू? इथलं का कारखान्यावरलं?" वर्गात कुणी हसलं नाही. उलट मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी लिहिणं थांबवून माना वर केल्या. प्रश्न त्यांचाही होता. त्यांचीही घरं दिवाळीनंतर ऊस तोडायला साखर कारखान्यावर जातात. गुरुजी क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "कोणतंबी लिही. दहा ओळी झाल्या पाहिजेत."

ती खाली बसली, प्रसंग संपला. पण तो प्रश्न काही डोक्यातून जात नाही. शाळेच्या सगळ्या कागदांवर घर एकच असतं. प्रवेशअर्जावर एकच कायमचा पत्ता, प्रगतीपुस्तकावर एकाच ठिकाणी पालकाची सही. निबंधाच्या विषयातही घर एकवचनी. आणि निकालाच्या दिवशी, शिक्षण परिषदेत, नाहीतर स्टँडसमोरच्या टपरीवर, पोरं मागं का पडतात असं कुणी विचारलं की उत्तरही एकच असतं: 'घरची परिस्थितीच तशी.' हे उत्तर खोटं नाही. पण त्या शब्दांवर बोलणं संपतं. परिस्थिती म्हणजे जणू पाऊस, पडला तर पडला, त्याला कोण काय करणार. जवळ जाऊन पाहिलं तर या परिस्थितीला तारखा असतात, रकमा असतात, आणि मुलाच्या गणिताच्या पुस्तकातले अगदी ठरावीक धडेही तिनं निवडून ठेवलेले असतात.

सुरुवात रकमेपासून करावी लागते, कारण घरात तीच आधी येते. पावसाळ्यात, कधी त्याच्याही आधी, मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्याकडून, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. बहिणीचं लग्न, दवाखाना, कोरडी गेलेली बोअर, किराण्याची थकबाकी, कारण काहीही असो. उचल मिळते ती कोयत्याला. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. हत्याराचंच नाव माणसांना पडलेलं. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मागणी कमी, म्हणून अर्ध्याचा पूर्ण करायची घाई, म्हणून लग्नाचीही घाई. कोयत्यामागची उचल पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत जाते. ती फिटायची ऊस तोडून. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला ३६६ रुपये झाला. जोडीनं रोज दोन टन तोडला, म्हणजे चांगलाच तोडला असं धरलं, तर दिवसाचे ७३२ रुपये. लाखाला ७३२ नं भागा: १३७ दिवस. साडेचार महिने. यात एकही सुट्टी धरलेली नाही, आणि आठवड्याच्या बाजाराला मुकादम जी खर्ची देतो ती पुन्हा हिशेबात चढते ती वेगळीच. दिवाळी उरकून निघालेलं बिऱ्हाड मार्च-एप्रिलशिवाय परत का येत नाही, याचं उत्तर या एका भागाकारात आहे.

आता खाडा. हा शब्द शाळेत आहे तसाच फडात, म्हणजे तोडणीच्या उसातही आहे. ताप आला, बाईची पाळी आली, लेकरू आजारी पडलं, जोडी कामावर गेली नाही की खाडा लागतो. बऱ्याच टोळ्यांत तो पाचशेच्या आसपास असतो, कुठे त्याहून जास्त. म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड. शाळेतल्या खाड्याला असा भाव नाही. तिथे हजेरीला भाव आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्त आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या, पहिली ते चौथीतल्या मुलींसाठी शासनानं १९९२ साली उपस्थिती भत्ता सुरू केला. दिवसाला एक रुपया. तेव्हाचा रुपया, आणि पुढची तीस-तीस वर्षं तोच रुपया.

एकीकडे न गेल्याचे पाचशे, दुसरीकडे गेल्याचा एक.

आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी ही दोन दरपत्रकं शेजारी-शेजारी ठेवून बघावीत. किंमत त्यांना चांगलीच कळते. त्यांच्यासमोर ती लावून ठेवलेली आहे. थोरली पोर धाकट्याला कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, सांभाळेल तर आईचा खाडा वाचतो. दहा-अकरा वर्षांची मुलगी पहाटे चारला आई फडावर गेल्यावर पाणी भरते, तान्ह्याला झोळीत घालून हलवत बसते, भाकरी थापायला शिकते. मुलगा असला तर उसाची वाढी, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, गोळा करून पेंढ्या बांधतो. त्या पेंढ्या वैरण म्हणून विकून संध्याकाळच्या मीठमिरचीचे पैसे निघतात. यातलं प्रत्येक काम छोटं आहे, आणि प्रत्येकाच्या मागे कुणाचा तरी वाचलेला खाडा आहे.

शाळेचं वर्ष दोन सत्रांचं. पहिलं जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत, दुसरं दिवाळीनंतर. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवसांची शाळा ठरवून दिली आहे. दिवाळीपर्यंतचे दिवस मोजले तर शंभराच्या आतबाहेर भरतात. मग आपण ढोबळ म्हणून टाकतो, की या मुलांना निम्मी शाळा मिळते. हा 'निम्मी' शब्द फसवा आहे. कुणी दर आठवड्याला तीन दिवस बुडवतो, त्याचीही निम्मीच. पण त्याला सगळ्या धड्यांचा थोडाथोडा वास तरी लागतो, पुस्तक पुढे सरकताना दिसतं. इथे दरवर्षी तोच निम्मा भाग जातो. घडी घालून ठेवलेलं लुगडं उंदरानं एका कोपऱ्यात कुरतडावं आणि उलगडल्यावर प्रत्येक घडीत त्याच जागी भोक निघावं, तसं.

बालभारतीचं आजवर चालत आलेलं पाचवीचं गणित उघडा. पहिल्या भागात संख्याज्ञान, चार क्रिया, अपूर्णांक, कोन, वर्तुळ. दुसऱ्या भागात विभाज्य-विभाजक, दशांश अपूर्णांक, कालमापन, परिमिती आणि क्षेत्रफळ. मुलगी अपूर्णांकापर्यंत आली, ट्रकात बसली. एप्रिलच्या शेवटी परतली, सहावीत गेली. सहावीच्या पहिल्या भागात, ऐन श्रावणात, दशांश अपूर्णांकांवरच्या क्रिया येतात. शिक्षक म्हणतात, "हे तर मागच्या वर्षीच झालंय." झालेलं असतं, वर्गाचं. तिची पाटी कोरी. आणि सहावीचा दुसरा भाग? गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, बँक व सरळव्याज. ज्या घराचं अख्खं वर्ष उचलीवर चालतं त्या घरातल्या पोरीची नेमकी शेकडेवारी आणि सरळव्याज हुकतात. सातवीच्या दुसऱ्या भागात सम आणि व्यस्त प्रमाण येतं. इतके मजूर एक काम इतक्या दिवसांत करतात, तर मजूर कमी केले तर किती दिवस लागतील? वर्गात हे उदाहरण फळ्यावर चालू असतं तेव्हा ते सोडवू शकणारी मुलं दोनशे-तीनशे किलोमीटर लांब त्या उदाहरणातच राहत असतात.

या मुलांना गणित येत नाही हे मात्र खरं नाही. काट्याची पावती घ्या. कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी चढते, भरलेलं वजन निघतं, ऊस रिकामा करून परत येताना रिकाम्या गाडीचं, आणि वजाबाकी होऊन निव्वळ. पावतीवर आकडे टनात आणि दशांशचिन्हानंतर तीन घरं: भरलेलं २१.३५०, रिकामं ६.९००, निव्वळ १४.४५०. गुणिले ३६६ म्हणजे ५,२८८ रुपये ७० पैसे, टोळीतल्या कोयत्यांत वाटून. चिखलाच्या बोटांचे ठसे पडलेली, घडीवर फाटायला आलेली ही पावती बापाच्या खिशात असते, आणि ती खरी की खोटी हे वाचता येणारं माणूस टोळीत बहुधा एखादंच. या पावतीवर पाचवीच्या मुलीला विचारा, १४.४५ मोठं की १४.५? ती म्हणेल, १४.४५. का? तर पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे. ही चूक तिची एकटीची नाही. दशांश नव्यानं शिकणारं जवळपास प्रत्येक मूल ती करतं, आणि दोन-तीन आठवडे स्थानिक किमतीचे तक्ते, पट्ट्या, पैशांची उदाहरणं करून ती निघून जाते. तिला ते दोन-तीन आठवडे मिळालेले नसतात, एवढाच फरक.

आता पावती बाजूला ठेवून तिला तोंडी विचारा. अडीच टनातून पावणेदोन टन गेला, राहिला किती? "पाऊण." श्वासही घेत नाही. सव्वा, दीड, पाऊण, अडीच तिच्या कानात पक्के बसलेले आहेत, कारण रात्री चुलीपुढे हिशेब याच भाषेत चालतो. एकेकाळी शाळेतही पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, पाठ करून घेत. ती घोकंपट्टी गेली त्याचं फार दुःख करायचं कारण नाही, पण त्यासोबत तोंडी अपूर्णांकाचा शाळेशी असलेला धागाही तुटला. २.५ − १.७५ असं वहीत लिहायला सांगितलं की तीच मुलगी उजवीकडून आकडे जुळवते, पाचाखाली पाच, दोनाखाली सात, आणि मग वर संख्या छोटी कशी म्हणून अडते. पाऊण म्हणजे ०.७५ हे कुणीतरी एकदा जोडून दिलं की झालं. शिक्षकानं हे एवढं जोडलं तरी पुष्कळ.

पोरांना गावी ठेवायचं की सोबत न्यायचं, हा प्रत्येक घरातला दसऱ्यानंतरचा वाद. गावी ठेवलं तर आजीपाशी. आजी सत्तरीची, तिला दिसत कमी, तिचंच करायला माणूस लागतं. म्हणजे मुलगी 'मागे राहून शिकते' असं कागदावर, आणि प्रत्यक्षात सरपण, पाणी, दोघींचा स्वयंपाक उरकून साडेदहाची शाळा अकराला गाठते. शाळेतल्या खिचडीला पाचवीपर्यंत माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, पुढे दीडशे. कित्येक दिवस तेच तिचं पोटभरीचं जेवण. यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळा व्यवस्थापन समितीनं चालवायची, दोन वेळचं जेवण शाळेत, झोपायला नातेवाइकाकडे. योजना वाईट नाही. तिचं सगळं जमतं किंवा बिघडतं ते एका तारखेवर. ट्रक निघतो त्या आठवड्यात चूल पेटली तर आई पोरीला ठेवून जाते. आधी सर्वेक्षण, मग प्रस्ताव, मग मंजुरी, या साखळीत महिना गेला तर जेवण सुरू होतं तेव्हा मुलं कोल्हापूर-सांगलीच्या नाहीतर पार कर्नाटकातल्या फडात पोचलेली असतात. आणि जेवण सुरू असलं तरी संध्याकाळी पाच ते सकाळी दहा हे तास कुणाचे, याचं उत्तर योजनेत नाही. पोरगी वयात आलेली असली तर आई याच तासांना भिते. २०२१ मध्ये ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहांना मान्यता मिळाली, संत भगवानबाबांच्या नावानं. खऱ्या अर्थानं राहायची सोय तीच, पण शंभराच्या दोन वसतिगृहांत एक अख्खा तालुका मावत नाही.

सोबत नेलं तर? इथे एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. टोळी कोणत्या प्रकारची, यावर मुलाची शाळा ठरते. बैलाची टायरगाडी असलेलं बिऱ्हाड कारखान्याजवळच्या तळावर हंगामभर एका जागी राहतं. तिथे चारशे-पाचशे कोप्या एकमेकींना खेटून. मळीचा आंबूस वास, चिमणीतून पडणारी काजळी, बैलांच्या घुंगरांनी रात्री दोनलाही जाग. पण जागा एक, म्हणून शाळा शक्य. जुन्या साखरशाळा, म्हणजे या मुलांसाठी हंगामापुरत्या भरणाऱ्या शाळा, अशाच तळांवर चालत. ट्रक-ट्रॅक्टरवरची टोळी मात्र ऊस जाईल तिकडे जाते. डोकी सेंटर म्हणतात, मोळ्या डोक्यावरून फळीवर चढवायच्या. आज या गावात, दहा दिवसांनी पुढच्या. तिथे मुलानं नाव घालायचं कुठे? शिक्षण हक्क कायदा आला आणि साखरशाळा बंद होऊन जवळच्या नेहमीच्या शाळेत मुलांना घ्यावं असं ठरलं. वयानुसार वर्ग आणि मागे पडलेल्याला विशेष प्रशिक्षण, हे कायद्यात आहे. गावच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड द्यायचं, तिकडच्या शाळेनं ते बघून वर्गात बसवायचं. टायरगाडीवाल्याला हे जमू शकतं. डोकी सेंटरवाल्याचं कार्ड पत्र्याच्या पेटीत, आधारकार्डांच्या घडीत, तसंच परत येतं.

आणि तिकडची शाळा काही शत्रू नसते, पण ती बागायतदारांच्या पोरांची असते. बाकावर शेजारी ज्याच्या बापाच्या उसात या पोरीची आई वाकलेली आहे, तोच. त्याच्याकडे शिष्यवृत्तीचं गाइड, संध्याकाळी शिकवणी, अभ्यास घ्यायला बी.एड. झालेली काकू. हिच्या हातावर पाचटीचे कापे, गणवेश दुसऱ्याच शाळेचा. पुस्तकं गावी राहिली. शिक्षिका चांगली असली तर जुना संच शोधून देते. ही पोरगी तिथेही बहुतेक वेळ गप्प बसते. बोलली की मुलं तिच्या बोलीची नक्कल करतात.

यंत्रणेचा सगळ्यात मजेशीर, म्हणजे रडू येईल इतका मजेशीर भाग तारखांचा आहे. शाळेची संचमान्यता, म्हणजे किती शिक्षक मिळणार हे, ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरतं. त्या दिवशी सगळी मुलं गावात असतात, वर्ग भरलेला असतो. कुणी खोटं लिहायची गरजच नाही. महिन्या-दीड महिन्यानं तोच वर्ग निम्मा होतो, आणि पटावरची नावं कमी केली तर शिक्षक जाईल म्हणून ती तशीच राहतात. गुरुजीचंही चुकलं म्हणवत नाही. हुशार पोरांना वर काढणाऱ्या ज्या परीक्षा, त्याही याच काळात. आठवीची एनएमएमएस, म्हणजे गरीब घरांतल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा, डिसेंबरात, नवोदय विद्यालयाची निवड चाचणी डिसेंबर-जानेवारीत, शिष्यवृत्ती बहुधा फेब्रुवारीत. सगळ्या ऐन गळिताच्या हंगामात. अर्ज दिवाळीआधी हौसेनं भरलेले असतात, परीक्षेच्या दिवशी बाक रिकामा. त्यात २०२३ च्या शेवटी नियम बदलला आणि पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली. पाचवीला प्रत्येक विषयात पन्नासपैकी अठरा गुण हवेत, नाहीतर फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. ढकलत नेण्यापेक्षा हे बरं, असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. कोरी पाटी घेऊन आठवीत बसलेलं मूल कुणाला हवं आहे? पण न शिकवलेल्या अर्ध्या वर्षाची परीक्षा मुलानं द्यायची, हे गणित काही सुटत नाही.

काही शिक्षक मात्र न बोलता एक साधी गोष्ट करतात. पुस्तकाचा क्रम मोडतात. रोमन संख्याचिन्हं, वर्तुळाची त्रिज्या-व्यास हे राहिलं तरी चालेल असं मनाशी ठरवून ऑगस्टमध्येच दशांश घेतात. जाणाऱ्या मुलांना दिवाळीआधी भागाकार पक्का, वाचन अडखळत नाही, आणि दशांशाचं एक घर तरी कळलेलं, एवढ्यावर भर. नियोजनाच्या वहीत मात्र अनुक्रमणिकेप्रमाणेच लिहितात, कारण तपासणीला येणारे साहेब क्रम बघतात. सोबत द्यायला शंभर पानी वही, रोज एक पान, आणि बापाला एकच काम सांगायचं: काट्याची पावती फेकू नको, पोरीकडून वाचून घे. यातली सगळी पानं भरून येत नाहीत. वीस-पंचवीस आली तरी गुरुजी खूश असतात. एप्रिलात परतलेल्या मुलांना पहिला आठवडा शाळेत बसवत नाही, शरीराला पहाटे चारची सवय झालेली असते. दुपारी वर्गात डुलक्या येतात. त्याला आळस म्हणणाऱ्यानं एकदा तरी पहाटेच्या दहिवरात भिजलेल्या उसाला हात लावून बघावा.

त्या दिवशी तास संपायच्या आत पाचवीतल्या त्या मुलीची वही गुरुजींच्या टेबलावर आली. तिनं दोन्ही घरं लिहिली होती. पहिल्या पाच ओळी इथल्या: माझ्या घराला मोठे कुलूप आहे, त्याची किल्ली आजीकडे असते, घरापुढे लिंबाचे झाड आहे, असं. पुढच्या पाच कारखान्यावरच्या: आमची कोपी उसाच्या पाचटाची आहे, ती बापू आणि आई एका दिवसात बांधतात, जाताना मोडून तिथेच टाकतात, कोपीची चूल बाहेर असते, कोपीला दार नसते. दहा ओळी भरल्या होत्या. गुरुजींनी लाल पेन काढलं, 'बांधतात'वरचा राहिलेला अनुस्वार दिला, आणि 'कोपी' या शब्दाखाली रेघ मारून वर लिहिलं, 'झोपडी'. तिन्ही ठिकाणी.